मशीनला गाव विचारणारा माणूस

आमच्या शाळेत नवीन शिक्षक आला की हेडसर त्याला चहा पाजायचे, आणि नवीन कॉम्प्युटर आला की आबा त्याला गाव विचारायचे. गंमत करतेय असं वाटेल, पण नाही. खोकं फुटलं, थर्माकोल निघाला, वायरी जोडल्या, पडदा उजळला, की आबा खुर्ची ओढून पुढ्यात बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि पडद्याला तोंडानं म्हणायचे, "हं, पाव्हणं. गाव कंचं?"

मग पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं तारीख आणि वेळ असते, तिथं त्यांचं बोट टेकायचं. "स्टार्ट, सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, रीजन." हे ते आरतीच्या चालीवर म्हणायचे, मधला 'अँड' जरा लांबवून. इंग्रजी त्यांना तेवढंच पाठ होतं आणि तेवढ्यावर त्यांचं कधी अडलं नाही. रीजनपाशी पोचले की मान वळवून आम्हाला निकाल सांगायचे. "अमेरिकेचं हाय." दहातली नऊ मशीनं अमेरिकेचीच निघायची. एकदा एक विलायतेचं निघालं, तर आबांनी त्याला जरा मानानं वागवलं. निदान तारीख तरी आपल्यासारखी लिहितं म्हणाले.

आबा म्हणजे आमच्या शाळेचे हेडक्लार्क. शाळा भिगवणच्या पुढं, सोलापूर हायवेला लागून. संस्था मोठी, तिचं मुख्य कार्यालय बारामतीला. मी पिंपळीहून दोन गाड्या बदलून यायची, ज्युनिअर क्लार्क म्हणून नुकतीच लागले होते. आबांचं नाव मी सांगणार नाही. ते खुशाल आहेत, आणि नाव छापलं तर वाचून लगेच फोन करतील आणि तासभर माझ्या चुका काढतील.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "बाई, आपल्याकडं पाव्हण्याला पाणी देतादेता गाव इचारत्यात. का? तर गाव कळलं की माणूस कळतो. कसं बोलतो, काय खातो, कुणाचा कोण लागतो. आता हे मशीन आलं तिकडनं. त्येला सवय तिकडची. त्येचा दोष न्हाय. पर आपण सांगायला नगं व्हय, की बाबा, आता तू इंदापूर तालुक्यात हाईस?"

सांगायचे म्हणजे नुसतं सांगून सोडायचे नाहीत. त्यांनी एक दोनशेपानी वही घातली होती, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'मशीनांचे सेवापुस्तक' असं लिहिलेलं. आत रकाने: मशीन कुठे बसवले, मूळ गाव, सध्याचे गाव, कोणासमक्ष. नोंद अशी असायची: 'सदर मशीन आज रोजी अमेरिका येथून भारत येथे वर्ग करण्यात आले. भाषा मराठी लावण्यात आली. मशीनने हरकत घेतली नाही.' खाली आबांची सही आणि साक्षीदार म्हणून शिपाई मावशींची. मावशींना वाटायचं आपण कसल्या तरी जामिनाला राहिलोय. प्रत्येक वेळी सही करताना विचारायच्या, "आबा, उद्या ह्यानं काय केलं तर मला तर न्यायचे न्हाईत ना?"

मी आले तेव्हा हे सगळं मला खुळ्यांचा बाजार वाटायचं. पण आबांचं खूळ कामाचं होतं, हे मान्य करायला हवं. हेडसरांच्या प्रत्येक पत्रात त्यांची सही दुसऱ्या पानावर एकटीच पडायची. पहिल्या पानावर सगळा मजकूर, आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर खाली 'आपला विश्वासू'. वर्षभर हे चाललं. हेडसरांना वाटायचं आपण पाल्हाळ लावतो, म्हणून बिचारे पत्रं आखूड करत गेले. पत्र चार ओळींवर आलं तरी सही आपली पलीकडच्या पानावर. आबांनी एके दिवशी मशीनला गाव विचारलं, तर ते तिकडच्या कागदाचं माप धरून बसलं होतं. तो कागद आपल्या कागदापेक्षा बुटका. शिवाय कुणीतरी मजकुराच्या खाली मोकळ्या ओळी मारून ठेवल्या होत्या. आबांनी दोन्ही निस्तरलं आणि सही वर आली. हेडसरांनी त्या दिवशी खुशीत येऊन पाच परिच्छेदांचं पत्र लिहिलं.

दुसरं खूळ लाल रेघांचं. नव्या मशीनवर गावांची, पोरांची नावं टाइप केली की खाली लाल नागमोडी रेघ यायची, चूक आहे म्हणून. आबांना ते फार लागायचं. "डाळजच्या खाली रेघ? अरं, माझा जन्म गेला डाळजात. गाव हाय ते, चूक न्हाय." मग ते त्या नावावर उजवं बटण दाबायचे आणि मशीनच्या शब्दकोशात ते नाव घालायचे. एवढ्यावर थांबतील तर आबा कसले. दर जूनला पाचवीत नवीन पोरं आली की हजेरीपट घेऊन बसायचे आणि एकेक नाव मशीनला ओळखीचं करून द्यायचे. मी म्हटलं, "आबा, रेघ कागदावर छापून येत नाही. कशाला जीव काढता?" तर म्हणाले, "पोरगं हापिसात आलं, वाकून पडद्यावर बघितलं, आन् आपल्याच नावाखाली लाल रेघ दिसली, तर त्याला काय वाटंल?" दुसऱ्या दिवशीपासून मुलींची नावं मी घालायला लागले.

बाहेर मात्र त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. त्यांचा पुतण्या लोणी देवकरच्या एका कारखान्यात कामाला. मे महिन्यात एकदा तो डबा विसरला म्हणून आबा डबा घेऊन गेले. तारीख होती चार मे. गेटवरच्या वॉचमननं कॉम्प्युटरवरून पास काढून दिला, त्यावर तारीख छापलेली ५/४. आबा पास हातात घेऊन उभेच राहिले. "हा पास मागच्या महिन्यातला हाय. पाच एप्रिलचा. बिनपासाचा मी आत जाणार न्हाय." वॉचमन म्हणाला, "आबा, मीच तर आत्ता दिला." आबा म्हणाले, "दिला तुमी. पर कागद काय म्हणतोय ते बघा. उद्या कुणी इचारलं तर कागदच बोलतो, तुमी न्हाय." झालं. तास-दीड तास कडुनिंबाखाली बसून राहिले, डबा मांडीवर. शेवटी कारखान्याचा कॉम्प्युटरवाला बाहेर आला. आबांनी त्याला समजावलं की अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि दिवस मागून, म्हणून चार मेचं त्यांच्या मशीननं पाच-चार केलंय. तो आत गेला, आरतीतल्या पायऱ्यांनी रीजनपाशी पोचला, नवीन पास आला, ४/५. पुतण्याला डबा मिळाला अडीच वाजता. तो अजून सांगतो की आमटी आंबली होती.

हे सगळं कुठून आलं, ते मला दहावीच्या वेळी कळलं. आबांचा खरा जीव दहावीत. परीक्षेची हॉल तिकिटं आली की ते नवीन धुतलेला सदरा घालून यायचे. एकेका पोराला आत बोलवायचे, समोर उभं करायचे आणि नाव, आईचं नाव, जन्मतारीख मोठ्यानं वाचायचे. पोरं घाईत "व्हय, व्हय" म्हणायची. आबा तिकीट त्याच्या हातात द्यायचे. "नुसतं व्हय म्हणू नगं. वाच, आन् मग म्हण." एका पोराला पाच मिनिटं. एकतीस वर्षं हे चाललं होतं, आणि त्या एकतीस वर्षांत आमच्या शाळेतून एकाही पोराची जन्मतारीख चुकीची बाहेर गेलेली नव्हती. "मार्क लोक इसरत्यात, बाई. तारीख सरणापर्यंत चिकटती. नोकरीला तीच, लग्नाला तीच, पेन्शनीला तीच."

बोलणाऱ्याची स्वतःची तारीख एक जून होती. त्यात नवल काही नाही. आमच्या भागात एका पिढीतली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. आईबाप पोराला शाळेत घालायला आणायचे, तारीख कुणाला ठाऊक नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, की गुरुजी लिहून मोकळे: एक जून. आमच्या शाळेत अकरा माणसं आणि त्यातली पाच एक जूनची. उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे कुणी कुणाला पेढा द्यायचा प्रश्नच यायचा नाही.

आता माझं सांगते. दिवाळीत माझ्या भावानं मला नवा लॅपटॉप घेऊन दिला. मी मिरवायला शाळेत आणला. आबांनी खुर्ची ओढली, टोपी काढली. नेमकं त्या सकाळी त्यांनी माझं एक पत्र तीनदा परत पाठवलं होतं, समास एक बोट कमी आहे म्हणून. माझं डोकं तापलेलं. मी लॅपटॉप फटकन मिटला आणि म्हटलं, "आबा, हा माझा घरचा आहे. याला राहू द्या." आबांनी टोपी परत घातली. "बरं. तुमचा पाव्हणा, तुमी बघा." आणि पुढं आठ दिवस माझ्याशी सरकारी भाषेत बोलले. पाण्याची बाटली हवी तर म्हणायचे, "सदरहू बाटली इकडे वर्ग करावी."

डिसेंबरात मुख्य कार्यालयानं सगळ्या शाळांकडून कर्मचाऱ्यांची यादी मागवली: नाव, हुद्दा, जन्मतारीख. एक प्रत कागदावर, सहीशिक्क्यानिशी, आणि एक मेलनं. शाळेचं मशीन त्याच आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं. मी यादी घरी बसून माझ्या लॅपटॉपवर केली, छापून आणली. आबांनी पट्टी लावून एकेक ओळ तपासली. स्वतःच्या नावापुढं १/६ आणि वर्ष, बरोबर. सही केली. कागद टपालानं गेला, फाईल मी मेलनं पाठवली. सगळं वेळेत झालं म्हणून हेडसरांनी माझं कौतुकसुद्धा केलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बारामतीहून लखोटा आला. हेडसर मोठ्यानं वाचायला लागले आणि मध्येच थांबले. आबांनी कागद त्यांच्या हातातून घेतला. आदेश होता. नियत वयोमानानुसार हेडक्लार्क यांना दिनांक एकतीस जानेवारी रोजी सेवानिवृत्त करण्यात येत आहे. वीस दिवसांवर.

आबा निवृत्त व्हायचे होते एकतीस मेला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला घरी जातो, हा नियम कार्यालयातली भिंतसुद्धा सांगेल. आबांनी आदेश दोनदा वाचला. त्यात त्यांची जन्मतारीख लिहिली होती: सहा जानेवारी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, ती यादी तुमी कुठल्या मशीनवर केली हुती?"

मी हळूच म्हटलं, "घरच्या."

"उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी आबा लॅपटॉपपुढं बसले. टोपी काढली नाही, पाव्हणं म्हणाले नाहीत. स्टार्ट, सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, रीजन, सगळं बिनचालीचं. मग खुर्चीत मागं टेकले. "हेडसर, मला अमेरिकेनं रिटायर केलंय."

झालं होतं ते असं. मी टाइप केलं १/६. माझा लॅपटॉप अमेरिकेचा, त्यानं ते वाचलं पहिला महिना, सहावा दिवस. कागदावर छापताना त्यानं मुकाट १/६ छापलं, म्हणून आबांच्या पट्टीला काही सापडलं नाही. पोटात मात्र सहा जानेवारी धरून ठेवली. फाईल बारामतीच्या मशीनवर उघडली, ते मशीन आपलं, त्यानं सहा जानेवारी ही सहा जानेवारी म्हणून दाखवली. आमच्या शाळेचे पाचही एक जूनवाले अमेरिकेत जाऊन जानेवारीत जन्माला आले होते. ज्यांचा दिवस बाराच्या पुढचा होता ते तेवढे वाचले, कारण तेरावा महिना अमेरिकेतसुद्धा नसतो. निवृत्तीचं वर्ष मात्र पाचांत एकट्या आबांचं.

हेडसर हसायला लागले. मलाही हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि दोघांनीही हसू आवरलं.

"पगाराचं काय न्हाय," आबा म्हणाले. "चार महिन्यांनी मी लखपती हुणार न्हवतो. पर माझी दहावी राह्यली. चौसष्ट पोरं हायत औंदा. त्यांची हॉल तिकिटं येणार, आन् मी घरी. कोण बघणार? तुमी?" आणि त्यांनी माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे बघितलं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माणसानं दहादा सांगितलं होतं, खुर्ची ओढून पुढ्यात बसला होता, आणि मी समासाच्या एका बोटावरून रुसून झाकण मिटलं होतं. मी रडत रडत लॅपटॉपचं गाव बदलायला हात पुढं केला, तर आबांनी मनगट धरलं. "हात लावू नगा. पुरावा हाय."

मग त्यांनी लॅपटॉपचा पंचनामा केला. खरा पंचनामा. 'आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष पाहून लिहून देतो की सदर मशीन अमेरिका या गावी राहत असल्याचे दिसून आले.' हेडसरांची सही, मावशींची सही. मावशींनी या वेळी काही विचारलं नाही, मुकाट सही करून डोळ्याला पदर लावला. लॅपटॉप दप्तराच्या लाल फडक्यात बांधला आणि परवा बारामतीला जायचं ठरलं.

गाडीत आबांनी ते गाठोडं मांडीवर धरलं होतं. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "आबा, काय हाय बोचक्यात?"

"अमेरिका."

"मग लगेज लागंल," कंडक्टर म्हणाला आणि दोन तिकिटं फाडून पुढं गेला. आबा हसले नाहीत. भिगवणपासून बारामतीपर्यंत मी तीनदा म्हटलं, "आबा, माझं चुकलं." तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ते कळलं मला. आता मला इचार करू द्या."

मुख्य कार्यालयातले अधीक्षक साहेब तसे बरे गृहस्थ, फक्त कॉम्प्युटरवर त्यांची फार श्रद्धा. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "हे बघा, सहा जानेवारी. कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस चुकतो."

"व्हय साहेब. पर सेवापुस्तकात एक जून हाय."

"मग दोन्हींत फरक आहे. फरक असला की समितीपुढं जातं. समितीची बैठक फेब्रुवारीच्या शेवटी." साहेबांनी डायरी बघितली. "तोवर आदेश आहे तसा राहील. सचिवांची सही झालीय."

फेब्रुवारीच्या शेवटी म्हणजे हॉल तिकिटं वाटून पोरं परीक्षेला बसायला निघालेली. आबांनी मान हलवली. मग एकदम गोड आवाजात म्हणाले, "साहेब, तुमची किती राह्यली?"

"माझी? पुढच्या वर्षीच्या मे अखेर."

"म्हंजी तुमीपण एक जून."

"हो. का?"

आबा वळले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "हितं एक जूनवालं कोण कोण हायत? जरा हात वर करा." आवक-जावकचे काका, शिपाई, टायपिस्ट बाई, कोपऱ्यातले दोन क्लार्क. साहेबांचा धरून सहा हात. टायपिस्ट बाईंनी घाईघाईनं म्हटलं, "पण माझी अजून पुष्कळ वर्षं आहेत हं." आबांनी गाठोडं सोडलं. मला म्हणाले, "बाई, साहेबांचं नाव घाला. जन्मतारीख एक-सहा, आन् वर्ष इचारून घ्या. साहेबांच्या मशीनला मेल करा."

मी घातलं, पाठवलं. साहेबांनी आपल्या मशीनवर फाईल उघडली. स्वतःच्या नावापुढं सहा जानेवारी.

"ह्या मशीनला दोन वर्षांमागं मीच गाव लावून दिलं हुतं, त्यामुळं ते खोटं बोलत न्हाय," आबा म्हणाले. "त्येला जे आलं ते त्यानं दाखवलं. आता ही फाईल तुमच्या कुणा क्लार्कनं उघडली तर पुढच्या जानेवारीत तुमचा नारळ. मे पतुर थांबायचं काम न्हाय. मग तुमी समितीपुढं जावा."

साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. काकांनी आपला वर केलेला हात हळूच खाली घेतला. सेवापुस्तक पाच मिनिटांत कपाटातून निघालं. आदेश रद्द केल्याचं पत्र चहा यायच्या आत टाइप झालं, आणि सचिवांची सही साहेब स्वतः आत जाऊन घेऊन आले. जाताना शिपायाला सांगून गेले की आपल्या नावाची ती फाईल आत्ताच्या आत्ता पुसून टाक.

सचिवांकडून बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "आबा, तो मूळ आदेश इकडे द्या. फाडून टाकतो."

इथं आबा अडले. "साहेब, रद्दचा शिक्का मारा. पर कागद माझ्याजवळ राहू द्या."

"कशाला? घाण ती."

"राहू द्या."

साहेबांनी तांबड्या शाईत आडवा 'रद्द' मारला आणि कागद परत दिला. आबांनी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मला वाटलं माझ्यावर आयुष्यभर राग धरायला पुरावा ठेवताहेत. ठेवू देत म्हटलं, हक्क आहे त्यांचा.

दुपारचे दोन वाजले होते. मी पिंपळीच्या गाडीकडे वळले तर म्हणाले, "बाई, माझ्या घरी चला. संध्याकाळच्या गाडीत बसवून देतो." मी नाही म्हणायच्या परिस्थितीत नव्हते.

डाळजला त्यांचं घर रस्त्यापासून आत, चहूकडे ज्वारी. पत्र्याच्या पडवीत त्यांची आई बसली होती, नव्वदीच्या आसपासची, सुपात तीळ निवडत. कान शाबूत, डोळे अधू. मी पाया पडले. आबा तिच्यापुढं खाली बसले, खिशातून तो आदेश काढला आणि उलगडला.

"आये, बारामतीचा कागद हाय. त्यात माझी जन्मतारीख लिवलीया. सहा जानेवारी."

म्हातारीचा हात सुपातच थांबला. "म्हंजी कवा?"

"संक्रांतीच्या आठ दिस आधी. हुरड्याच्या दिसांत."

म्हातारी माझ्याकडे वळली. "तवाच झालं हे. संक्रांत आठ दिसावर हुती, आगटी पेटली हुती हुरड्याची, आन् माझ्या पोटात कळ आली. शाळेत घालताना मी गुरुजीला सांगितलं. गुरुजी म्हणालं, बाई, हुरडा वहीत बसत न्हाय. आन् लिवलं जून. मी म्हटलं, जूनात न्हाय वो झालं. ऐकलं न्हाय त्यांनी. मी अडाणी, कोण ऐकतंय." तिनं सुपातले तीळ सारखे केले. "लई वाईट वाटलं हुतं मला. माझं पोरगं, आन् कवा झालं ते मला ठावं न्हाय म्हणत्यात."

मी आबांकडे बघितलं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना समोर उभं करून "वाच, आन् मग म्हण" म्हणणारा हा माणूस स्वतः एक जूनवर सह्या करत आला होता. आणि आज सकाळी त्याच एक जूनसाठी, दहावीच्या चौसष्ट पोरांपायी, साहेबांशी भांडून आला होता.

"कुठं लिवलंय? दाव," म्हातारी म्हणाली. आबांनी तिचं बोट धरून तारखेवर ठेवलं. तिनं ते तिथंच ठेवलं. मग डोळे बारीक करून म्हणाली, "आन् हे तांबडं काय हाय?"

"शिक्का हाय, आये," आबा म्हणाले. "पक्का केलाय."

मी खाली मान घातली. या माणसाला कागदाबद्दल खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"पर इतक्या वर्सांनी त्यांला सांगितलं कुणी?" म्हातारीनं विचारलं.

आबांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ह्या बाईंनी."

म्हातारीनं सूप बाजूला सारलं आणि मला जवळ बोलावलं. तिचे हात तिळातल्या काडीकचऱ्यानं खरखरीत झाले होते. त्या हातांनी तिनं माझं तोंड दोन्हीकडून धरलं, गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग आत सुनेला हाक मारून सांगितलं की या पोरीला जेवल्याबिगर सोडू नका.

मी तीन दिवस त्या चुकीसाठी रडत होते. पण ती चूक होती, हे त्या पडवीत सांगायची माझी छाती झाली नाही.